१० रुपयांचं तिकीट, २८५ रुपयांची पावती

जळगावहून भुसावळला जायचं तर अंतर जेमतेम २५ किलोमीटर, पण जनरलच्या तिकिटाचे दर तीन. पॅसेंजर-मेमूचं १० रुपये, मेल-एक्सप्रेसचं ३० आणि सुपरफास्टचं ४५. तिन्ही तिकिटांवर स्टेशनांची नावं तीच, कागद तोच, खिडकीही तीच. फरक फक्त गाडीच्या प्रकाराच्या एका शब्दाचा, आणि तो शब्द वाचायची आपल्याकडे सवय नाही. प्लॅटफॉर्मवर जी गाडी आधी लागेल तिच्यात चढायचं, ही खरी सवय. म्हणून टीसीच्या हाती सापडणाऱ्यांत मुद्दाम विदाउट फिरणारे असतात, तसे खिशात तिकीट असूनही दंड भरणारेही असतात. या दुसऱ्या लोकांचे पैसे वाचू शकतात, आणि वाचायलाच हवेत.

आधी हिशेब. १० रुपयांचं साधं तिकीट घेऊन तुम्ही सुपरफास्टमध्ये बसलात. भाड्यातला फरक ३५ रुपये. त्यावर जादा आकार, ज्याला आपण दंड म्हणतो. नियम असा की जेवढी रक्कम देणं लागतं तेवढाच जादा आकार, पण कमीत कमी २५० रुपये. म्हणजे ३५ अधिक २५०, एकूण २८५. आता तिकीटच काढलं नसतं तर? ४५ अधिक २५०, म्हणजे २९५. तिकीट काढणारा आणि न काढणारा यांच्या पावतीत फरक फक्त १० रुपयांचा, म्हणजे त्याने काढलेल्या तिकिटाच्या किमतीचा. एक्सप्रेसचं ३० चं तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये बसला, तर १५ रुपयांच्या फरकावरही तेच २५० बसतात.

लांबच्या प्रवासात २५० चा आकडा मागे पडतो. देणं लागणारं भाडं ३०० असेल तर जादा आकारही ३००, पावती ६०० ची.

गाडी कुठल्या प्रकारची हे डब्यांच्या रंगावरून ठरवू नका, नंबरावरून ठरवा. पाच आकडी नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर सुपरफास्ट. गीतांजली १२८५९, नवजीवन १२६५५, दोन्ही सुपरफास्ट. महाराष्ट्र एक्सप्रेस ११०३९, काशी १५०१८, ताप्ती-गंगा १९०४५, खान्देश एक्सप्रेस १९००३, या सगळ्या साध्या मेल-एक्सप्रेस. ५ ने सुरू होणारी गाडी पॅसेंजर, ६ ने सुरू होणारी मेमू. ० ने सुरू होणाऱ्या गाड्या विशेष म्हणून सोडलेल्या असतात, आणि त्या दिसायला पॅसेंजरसारख्या असल्या तरी त्यांचं भाडं एक्सप्रेसचं असू शकतं. कोरोनानंतर कित्येक पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसच्या भाड्याने धावल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला १० रुपयांचं किमान भाडं परत आलं. ही उलथापालथ लोकांच्या डोक्यात अजून गोंधळ घालते. खिडकीवर फक्त ‘एक भुसावळ’ म्हणू नका, गाडीचं नाव सांगा. कोणती गाडी मिळेल याची खात्री नसेल तर सरळ सुपरफास्टचं घ्या. वरच्या दराच्या तिकिटावर खालच्या गाडीत बसलं तर कुणी अडवत नाही, उलट झालं की पावती फाटते.

आता कायद्याबद्दल, कारण ‘दंड झाला’ या दोन शब्दांत लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये कलम १३७ आणि कलम १३८ शेजारी शेजारी आहेत. १३८ म्हणजे योग्य तिकीट नसणं, मागितल्यावर दाखवता न येणं, वरच्या वर्गात बसणं, तिकिटाच्या पुढे प्रवास करणं. इथे भाडं आणि जादा आकार भरला की विषय संपतो. १३७ म्हणजे रेल्वेला फसवण्याच्या हेतूने केलेला प्रवास, किंवा एकदा वापरलेलं तिकीट पुन्हा वापरणं. हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि विशेष कारण नसेल तर ५०० पेक्षा कमी दंड न्यायालय लावत नाही. भाडं आणि जादा आकार त्याशिवाय.

१३८ खाली पैसे भरायला नकार दिला तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जातं. तिथे वसुलीचा आदेश होतो आणि तरीही न भरल्यास कमीत कमी १० दिवस, जास्तीत जास्त एक महिना कैद होऊ शकते. शे-तीनशे रुपयांसाठी टीसीशी हुज्जत घालून दिवसभर भुसावळच्या रेल्वे न्यायालयात बसण्याची वेळ येते ती अशी. कॉलेजच्या मुलांनी हे नीट समजून घ्यावं. दंड भरून सुटण्यासारखं प्रकरण तावातावाने गुन्ह्यापर्यंत नेण्यात काहीच मिळत नाही, आणि नोकरीच्या अर्जात पुढे त्याचं उत्तर द्यावं लागतं.

भाडं कुठून धरायचं यावर सगळ्यात जास्त वाद होतात. कायदा म्हणतो, प्रवास जिथून केला तिथून. पण कुठे चढलात याबद्दल शंका असेल, तर गाडी जिथून सुटली तिथून, आणि मध्ये तिकीट तपासणी झाली असेल तर शेवटच्या तपासणीच्या ठिकाणापासून. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून येते. जळगावला चढून भादलीच्या पुढे विदाउट सापडलात आणि जळगावलाच चढलो हे पटवता आलं नाही, तर हिशेब कोल्हापूरपासून सुरू होऊ शकतो. २५ किलोमीटरच्या जागी पाऊण महाराष्ट्राचं भाडं, आणि वर तेवढाच जादा आकार. ‘प्लॅटफॉर्म तिकीट काढलं की झालं’ हा समज इथूनच आला. १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट प्रवासाची परवानगी देत नाही, त्याची मुदतही दोन तासांचीच. त्याचा उपयोग एवढाच की कुठल्या स्टेशनावरून चढलात याचा पुरावा हातात राहतो. जादा आकार चुकत नाही.

जादा आकार खरोखर चुकवणारी वाट कायद्यात आहे, फक्त ती वापरणारे फार थोडे. खिडकीवर रांग मोठी, गाडी सुटायला आली, तिकीट मिळालं नाही, तर चढण्याआधी गार्डला (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) किंवा टीटीईला (गाडीतल्या तिकीट तपासणीसाला) गाठा, तिकीट नाही हे सांगा आणि भाडं नंतर भरण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी मागा. कलम ५५ खाली ते तसं प्रमाणपत्र देऊ शकतात. ते जवळ असेल तर फक्त भाडं घेतलं जातं, जादा आकार नाही. परवानगी देणं त्यांच्या अखत्यारीत आहे, तुमचा हक्क नाही, पण आधी सांगणाऱ्याशी बोलणं वेगळं होतं. डब्यात ‘टीसी उना, टीसी उना’ (टीसी आला) झाल्यावर उठून ‘साहेब, मी तुम्हालाच शोधत होतो’ म्हणणं ते रोज ऐकतात.

अंतर वाढवायचं असेल तरी हेच सूत्र. चाळीसगावचं तिकीट आहे आणि मनमाडला जायचं ठरलं, तर चाळीसगाव येण्याआधी टीटीईला सांगा. चाळीसगाव मागे पडल्यावर पकडले गेलात की तो पुढचा टुकडा विनातिकीट.

खान्देशातल्या प्रवाशांच्या तीन चुका आपल्या भूगोलामुळे होतात. पहिली उलट्या दिशेची. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत जळगावला जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लोक आधी भुसावळला जातात आणि तिथून बसून येतात. हातात तिकीट जळगाव ते दादर. भुसावळ ते जळगाव या टप्प्यात ते पूर्ण विदाउट असतात आणि तपासणी नेमकी याच टप्प्यात सोयीची पडते, कारण गाडी भरलेली असते आणि स्टेशन जवळ असतं. तिकीट भुसावळपासूनच काढा, फरक फार थोड्या रुपयांचा आहे. आरक्षणातही तेच. बोर्डिंग जळगाव असेल तर भुसावळला चढता येत नाही. आणि आरक्षण भुसावळपासून असून तुम्ही जळगावला चढणार असाल, तर चार्ट लागण्याआधी बोर्डिंग स्टेशन बदलून घ्या, नाहीतर टीटीई तुमची जागा रिकामी समजून दुसऱ्याला देऊ शकतो.

दुसरी ‘व्हाया’ची. जळगावहून मुंबईला दोन वाटा, एक मनमाड-नाशिक, दुसरी अमळनेर-नंदुरबार-सुरत. खान्देश एक्सप्रेस दुसऱ्या वाटेने जाते. तिकिटावर मार्ग छापलेला असतो. मनमाडमार्गे काढलेलं तिकीट घेऊन धरणगावच्या बाजूने निघालात, तर ते तिकीट त्या मार्गाचं नाही. त्यात सुरत लाइन पश्चिम रेल्वेची आणि भुसावळ विभाग मध्य रेल्वेचा, त्यामुळे तपासणीसही वेगळे. नंदुरबारच्या बाजूचा टीसी मनमाड मार्गाचं तिकीट बघून गप्प बसेल ही आशा करू नये. खिडकीवर मार्ग सांगणं हे गाडी सांगण्याइतकंच गरजेचं.

तिसरी वेळेची. अनारक्षित तिकीट १९९ किलोमीटरपर्यंत असेल तर ते काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. जळगाव-भुसावळवर गाड्यांची रीघ असल्यामुळे व्यवहारात तीन तासच धरायचे. सकाळी आठला घेतलेलं तिकीट दुपारी एकला चालत नाही. चाळीसगाव-धुळे शाखेवर गाड्या मोजक्या, तिथे ‘पहिली गाडी’चा नियम कामी येतो. तीन तास उलटून गेले तरी पहिली गाडीच अजून सुटलेली नसेल, तर तिकीट जिवंत आहे. हे टीसीला शांतपणे सांगा, तिकिटावरची वेळ आणि गाडीची वेळ दोन्ही दाखवा.

मोबाइल तिकिटाने रांग वाचली, पण चुकांचा एक नवा प्रकार आला. रेल्वेच्या रेलवन अॅपमधून पेपरलेस तिकीट स्टेशनाच्या हद्दीत किंवा गाडीत बसून निघत नाही. जीपीएस ते अडवतं, आणि मुद्दाम अडवतं. नाहीतर टीसी डब्यात दिसल्यावरच सगळ्यांनी तिकीट काढलं असतं. स्टेशनात पोचला असाल तर भिंतीवर लावलेला क्यूआर कोड अॅपमधून स्कॅन करा, त्याने हद्दीतही तिकीट निघतं. तिकीट तपासताना अॅपमधलं ‘तिकीट दाखवा’ उघडून दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. मित्राने त्याच्या फोनवर काढून व्हॉट्सअॅपला पाठवलेलं चित्र म्हणजे तिकीट नव्हे. फोन बंद पडला तर तिकीट नाही असंच धरलं जातं. अॅपमध्ये ‘पेपर’ पर्याय निवडला असेल तर छापील कागद मशीनवरून काढल्याशिवाय प्रवास करता येत नाही, नुसता बुकिंग नंबर उपयोगाचा नाही. पैसे कापले गेले म्हणजे तिकीट झालं असं समजून माणूस निवांत बसतो आणि इथेच फसतो.

वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत चढणारा विनातिकीट. खिडकीवरचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही. त्यावर जनरल डब्यात बसता येतं, स्लीपरमध्ये नाही.

जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण उन्हाळ्यात आणि दिवाळीत हे सर्रास होतं. इथे फक्त दोन वर्गांच्या भाड्यातला फरक नाही. स्लीपरचं भाडं कमीत कमी २०० किलोमीटरचं धरतात. जळगाव ते पाचोरा ५० किलोमीटरच्या आत आहे, तरी हिशेब २०० चा. त्यातून जनरलचं भाडं वजा, वर २५० किंवा फरकाएवढा जादा आकार. पैसे नसतील तर कलम १३९ खाली उतरवून देण्याचा अधिकार टीसीला आहे, पण त्याच कलमात हेही लिहिलं आहे की वरच्या वर्गातून उतरवलेल्या माणसाला त्याच्याकडे ज्या वर्गाचं तिकीट आहे त्या डब्यातून प्रवास चालू ठेवता येतो.

अप-डाऊन करणाऱ्यांचा पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. अमळनेर, पाचोरा, चाळीसगावहून जळगावला रोज येणाऱ्यांसाठी याहून स्वस्त काही नाही. पण पासाबरोबर ओळखपत्र लागतं, पासावर त्याचा नंबर असतो. ओळखपत्र घरी राहिलं तर पास असून नसल्यासारखा. सुपरफास्टसाठी वेगळा अधिभार भरलेला असावा लागतो. आणि पासधारक असलो तरी स्लीपर आपला नाही. पास भावाला किंवा मित्राला वापरायला देणं तर थेट गुन्हा, कलम १४२. पास जप्त, वर दंड. आरक्षित तिकीट मात्र घरातल्या माणसाच्या नावावर करता येतं. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यापैकी कुणाच्या, आणि गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज दिला तर.

एसटीमुळे होणारी एक गल्लत आता खूप वाढली आहे. एसटीत ७५ च्या वरच्यांना मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. रेल्वेत यातलं काहीच नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. शिंदखेड्याची आजी एसटीने दोंडाईचाला फुकट जाते आणि तोच हिशेब गाडीत लावते, ‘म्हातारीला कशाचं तिकीट’ म्हणते. तिच्याबरोबरच्या माणसाने आधीच तिकीट काढायला हवं. दंड झाल्यावर आजीला अपराधी वाटतं, ते बघवत नाही. लहान मुलांचं असं: पाच वर्षांच्या आतलं मूल मोफत, पाच ते बाराच्या आत जनरलला अर्धं तिकीट. आरक्षणात मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं. पोरगं दुसरीत आहे हे तेच मोठ्याने सांगतं, तेव्हा चार वर्षांचं म्हणून रेटू नये.

तपासणी कशी होते तेही माहीत असावं. रोजची तपासणी गेटवर आणि गाडीत. मोहीम असते तेव्हा स्टेशनाच्या सगळ्या वाटा, पादचारी पूल, पार्सलचं दार, प्लॅटफॉर्मची दोन्ही टोकं एकाच वेळी अडवतात. त्याला किल्लाबंदी म्हणतात. सोबत रेल्वे सुरक्षा बल, कधी मॅजिस्ट्रेटही. अशा वेळी रुळावरून पलीकडे पळणं सगळ्यात वाईट. जिवाचा धोका आहेच, शिवाय रूळ ओलांडणं हा कलम १४७ खाली स्वतंत्र गुन्हा. साध्या कपड्यातलं स्कॉड असलं तर ओळखपत्र मागायचा तुम्हाला अधिकार आहे. नम्रपणे मागा, ते दाखवतात.

पैसे दिले की पावती हातात आल्याशिवाय हलू नका. हस्तलिखित असो की हातातल्या मशीनमधून निघालेली, तिच्यावर नंबर, तारीख, गाडी, कुठून कुठे, भाडं वेगळं आणि जादा आकार वेगळा लिहिलेला असतो. तिथेच बेरीज करून बघा. ती पावती म्हणजेच पुढच्या प्रवासाचं तुमचं तिकीट. ‘पावती नको, शंभर द्या’ असं कुणी म्हटलं तर ते शंभर रुपये गेले आणि तुम्ही विदाउटच राहिलात. पुढच्या स्टेशनात दुसरा टीसी चढेल आणि ‘तिकीट शे का?’ विचारेल, तेव्हा दाखवायला काहीच नसेल. लाच देणाराही गुन्ह्यात असतो.

एकट्या बाईला किंवा मुलांना उतरवण्याबद्दल कलम १३९ मध्ये स्पष्ट संरक्षण आहे, आणि हे प्रत्येक घरात माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला पैसे न भरल्याच्या कारणाने वाटेल तिथे उतरवता येत नाही. फक्त जिथून ती चढली तिथे, किंवा जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनावर, किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या स्टेशनावर, आणि तेही दिवसाच. आपल्याकडे याचा अर्थ भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार. रात्री गाळण, म्हसावद किंवा बेटावदसारख्या स्टेशनावर एकट्या मुलीला उतरवणं बेकायदेशीर आहे. असं कुणी करू लागलं तर १३९ नंबरवर लगेच फोन करा. कलमाचा आणि मदतीचा आकडा एकच आहे, लक्षात ठेवायला सोपं.

तिकीट बरोबर असून दंड झाला असं वाटत असेल, तर गाडीत भांडू नका. पैसे भरा, पावती घ्या, तपासणीसाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि तारीख-वेळ टिपून ठेवा. मूळ तिकीट फेकू नका, गेटवर कुणी मागितलं तर आधी फोटो काढून घ्या. मग रेलमदत या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर पावतीचा नंबर घालून तक्रार करा, किंवा विभागाच्या वाणिज्य व्यवस्थापकाच्या नावे अर्ज द्या. भुसावळ विभागातली पावती असेल तर भुसावळला, सुरत लाइनवरची असेल तर पश्चिम रेल्वेकडे. पावतीच्या डोक्यावर कुठली रेल्वे ते छापलेलं असतं, तिकडेच अर्ज गेला पाहिजे. अर्जात राग नको, चार ओळी पुरतात: गाडी नंबर, तिकीट नंबर, पावती नंबर आणि तिकीट का बरोबर होतं ते. सोबत दोन्हींच्या छायाप्रती जोडा आणि अस्सल कागद स्वतःकडे ठेवा.